पाईप ओढण्यातली सबुरी : अनुभव आणि समाधान हळूहळू कसे वाढवावे

पाईप ओढू लागलेल्या माणसाच्या सुरुवातीच्या तक्रारी बहुधा ठरलेल्या असतात. जीभ पोळते, पाईप सारखा विझतो, नळीत गुरगुर होऊन कडू पाणी तोंडात येते आणि डबा उघडताना जो सुगंध दरवळला होता तो धुरात कुठेच सापडत नाही. अशा वेळी माणूस दुसरी तंबाखू आणतो, मग दुसरा पाईप आणतो, आणि काही महिन्यांनी त्याच्याकडे सामान पुष्कळ जमलेले असले तरी जीभ तशीच पोळत असते. या चारही तक्रारींचे मूळ उष्णता आणि ओलावा या दोन गोष्टींत आहे, आणि त्या आटोक्यात ठेवणे हे नव्या वस्तूपेक्षा ओढणाऱ्याच्या हातावर आणि श्वासावर अधिक अवलंबून असते. म्हणून येथे सामानाविषयी जरुरीपुरते आणि रीतीविषयी सविस्तर लिहिले आहे.

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केलेली बरी. पाईपचा धूर छातीत घेतला जात नाही म्हणून तो निरुपद्रवी असतो, ही समजूत खोटी आहे. ओठ, तोंड, घसा, अन्ननलिका आणि फुप्फुस यांच्या कर्करोगाचा धोका पाईपमुळे वाढतो. शिवाय पाईपच्या तंबाखूचा धूर सिगारेटच्या धुरापेक्षा अधिक अल्कधर्मी असल्यामुळे त्यातले निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनही रक्तात शिरते आणि सवय लावते. जो तंबाखू ओढत नाही त्याने सुरुवात करावी असे सुचवण्याचा येथे हेतू नाही. जो प्रौढ माणूस आधीच पाईप ओढतो त्याने तो कमी वेळा, सावकाश आणि जाणतेपणाने कसा ओढावा, एवढाच विषय आहे. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, किंवा एखादी जखम दोन-तीन आठवड्यांत भरून आली नाही, तर दंतवैद्याला दाखवण्यात दिरंगाई करू नये; आणि घरात लहान मूल किंवा गरोदर स्त्री असेल तर पाईप घराबाहेरच ओढावा.

पाईप आणि तंबाखू

पाईपचे भाग मोजके असतात. तंबाखू भरायची वाटी, तिच्यातून निघणारी दांडी आणि त्या दांडीत बसणारी, दातांत धरायची मुखनळी. बहुतेक चांगले पाईप ब्रायर नावाच्या लाकडाचे असतात. भूमध्य समुद्राच्या काठच्या प्रदेशांत वाढणाऱ्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या मुळाशी जी टणक गाठ तयार होते, ती खणून काढतात, कित्येक तास उकळतात आणि मग महिनोन् महिने वाळवतात. उकळल्याने तिच्यातला चीक आणि तुरटपणा निघून जातो. वाळवण्यात घाई झाली तर तयार पाईपला पुढे तडा जाण्याची भीती राहते. हे लाकूड दाट असते, उष्णता सोसते आणि थोडा ओलावाही पिऊन घेते, त्यामुळे फ्रान्समधल्या सँ-क्लोद या गावच्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ते हाती घेतल्यापासून त्याची जागा दुसऱ्या कोणत्या लाकडाने घेतलेली नाही.

दुसरा पर्याय दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाचा. अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात वॉशिंग्टन नावाचे एक गाव आहे. तेथे हेन्री टिबे या कारागिराने १८६९ मध्ये असे पाईप करून विकायला सुरुवात केली आणि बाहेरून प्लास्टर लावून ते टिकाऊ करण्याच्या पद्धतीचे पेटंट १८७८ मध्ये मिळवले. हा पाईप दिसायला साधा असतो, पण वजनाला हलका, ओलावा शोषणारा आणि पहिल्या दिवसापासून नीट चालणारा असतो. ब्रायरचा नवा पाईप मात्र सुरुवातीला थोडी लाकडाची चव देतो आणि त्याला रुळायला वेळ लागतो. माझ्या मते शिकण्यासाठी कणसाच्या पाईपइतकी चांगली वस्तू नाही, आणि केवळ रुबाबासाठी महागड्या ब्रायरपासून सुरुवात करणारा माणूस स्वतःचीच अडचण वाढवतो. तिसरा पर्याय मीरशॉमचा. हे पांढरे, हलके खनिज मुख्यतः तुर्कस्तानातल्या एस्किशेहिर या शहराच्या परिसरात सापडते, त्यावर मेणाचा हात फिरवलेला असतो आणि वापराने ते हळूहळू पिवळसर, मग तपकिरी होत जाते. ते चवीला अगदी स्वच्छ असते, पण हातातून पडले तर संपले.

ब्रायरचा पाईप विकत घेताना नक्षी, चकाकी किंवा नाव यांपेक्षा आतले छिद्र पाहावे. धुराचे छिद्र वाटीच्या अगदी तळाशी, मधोमध उघडले पाहिजे. ते तळापासून वर असेल तर खाली उरलेली तंबाखू कधीच धड जळणार नाही. मुखनळीतून घातलेला पाईप क्लीनर, म्हणजे मऊ धागे गुंडाळलेली लवचीक तार, कुठेही न अडता वाटीपर्यंत पोहोचला पाहिजे, म्हणजे ओढता ओढता मधेच ओलावा टिपून घेता येतो. वाटीची भिंत फार पातळ असू नये. आकार सरळ असावा की वाकडा, हा आवडीचा प्रश्न आहे. वाकडा पाईप दातांत धरायला हलका वाटतो, पण त्याच्या बाकात पाणी साचण्याची शक्यता अधिक. मुखनळी एबोनाइटची, म्हणजे टणक केलेल्या रबराची, असेल तर दातांना मऊ लागते आणि उन्हात राहिली तर हिरवट-तपकिरी पडते; ॲक्रिलिकची टणक असते आणि तिचा रंग टिकतो.

तंबाखूच्या बाबतीत डब्यावरचे चित्र आणि वर्णन बाजूला ठेवून आत कोणते पान आहे ते पाहायला शिकावे. व्हर्जिनिया हे पान धूर न लागू देता गरम हवेच्या खोल्यांत वाळवलेले असते. त्यात साखर भरपूर असते, चव गवताकडून वाळलेल्या फळांकडे झुकणारी असते, आणि घाईने ओढल्यास जीभ सर्वाधिक हेच पोळवते. बर्ली हवेवर सावकाश वाळवतात, त्यात साखर जवळजवळ उरत नाही. चव सुक्या मेव्याची आणि कोकोची आठवण देते, पण निकोटिन चांगलेच असते. ओरिएंटल ही उन्हात वाळवलेली लहान पाने मसालेदार सुगंध देतात. लटाकिया सुगंधी लाकडांच्या धुरावर धरलेले असते. त्याचे नाव सीरियातल्या बंदरावरून पडले असले तरी आज बाजारात दिसणारे लटाकिया मुख्यतः सायप्रसशी निगडित आहे, आणि त्याचा चामड्यासारखा, शेकोटीसारखा वास माणसाला एक तर लगेच आवडतो किंवा अजिबात सोसत नाही. पेरीक अमेरिकेच्या लुईझियाना राज्यातल्या सेंट जेम्स परगण्यात होते. ते व्हिस्कीच्या पिंपांत दाबून सुमारे वर्षभर आंबवतात, आणि मिरपूड वापरावी तितक्या बेतानेच ते मिश्रणात घातले जाते.

यांखेरीज व्हॅनिला, चेरी, रम अशा सुगंधांनी माखलेल्या तंबाखू असतात. नवा माणूस बहुधा इथूनच सुरुवात करतो आणि इथेच त्याची निराशा होते, कारण सुगंध टिकवण्यासाठी लावलेल्या पदार्थांमुळे या तंबाखू ओल्या राहतात, जळताना वाफ फार करतात, आणि त्यांचा गोड वास ओढणाऱ्यापेक्षा शेजारी बसलेल्यालाच अधिक येतो. त्या वाईट आहेत असे नाही; पण त्या नीट ओढायला कसब लागते, आणि ते कसब साध्या, कमी सुगंध लावलेल्या बर्लीवर किंवा बर्ली-व्हर्जिनियाच्या मिश्रणावर लवकर येते. दोन किंवा तीन तंबाखू निवडून निदान काही महिने त्यांनाच धरून राहणे, हा अनुभव वाढवण्याचा सगळ्यात कमी अवलंबला जाणारा आणि सगळ्यात फलदायी मार्ग आहे. दर आठवड्याला नवा डबा उघडणाऱ्याला तंबाखूची ओळख होत नाही, फक्त तिच्या नावांची होते.

वाळवणे आणि भरणे

डब्यातून काढलेली तंबाखू बहुधा थेट ओढण्याजोगी नसते. कारखानदार ती थोडी ओलसर ठेवतात, कारण ओलसर पान प्रवासात चुरत नाही आणि डब्यात छान मुरते. जळताना मात्र हा ओलावा वाफ होऊन बाहेर पडतो, आणि जीभ पोळण्यात या गरम वाफेचा वाटा फार मोठा असतो. म्हणून एका पाईपला पुरेल एवढी तंबाखू कागदावर मोकळी पसरून ठेवावी. किती वेळ, हे तंबाखूवर आणि हवेवर ठरते. पावसाळी हवेत तासभरही कमी पडतो, कोरड्या हवेत पंधरा मिनिटे पुरतात. पाहण्याची रीत सोपी आहे. चिमूटभर तंबाखू बोटांत दाबून सोडावी. तिचा गोळा तसाच राहिला तर ती ओली आहे. हळूहळू उलगडून मोकळी झाली तर ती तयार आहे. दाबताना कुरकुरून भुगा झाला तर ती गरजेपेक्षा वाळली आहे. शंका असेल तर थोडी अधिक वाळू द्यावी. पुष्कळांना भीती वाटते की वाळवल्याने चव उडून जाईल. प्रत्यक्षात सुगंध लावलेल्या तंबाखूंचा वरचा वास थोडा कमी होतो, पण पानाची मूळ चव वाळवल्यावरच उघड होते.

पान कोणत्या प्रकारे कापले आहे त्यावर भरण्याची तयारी अवलंबून असते. बारीक फितीसारखी कापलेली तंबाखू तशीच भरता येते. फ्लेक म्हणजे दाबून पातळ चकत्या केलेली तंबाखू तळहातावर चोळून मोकळी करावी. जितकी बारीक चोळाल तितकी ती सहज पेटते आणि लवकर जळते. सराव झाल्यावर चकती न चोळता नुसती दुमडून वाटीत बसवता येते. ती पेटवायला अवघड जाते, पण संथ आणि थंड जळते. घट्ट ठोकळ्याच्या रूपात मिळणारी तंबाखू स्वतः सुरीने कापायची असते, आणि ती किती जाड कापावी हे ठरवण्यातच तिची अर्धी गंमत आहे.

भरताना वाटी तीन टप्प्यांत भरण्याची जुनी रीत आजही सर्वांत भरवशाची आहे. पहिल्यांदा तंबाखू वरून नुसती सोडून वाटी काठोकाठ भरावी आणि अगदी हलक्या बोटाने अर्ध्यापर्यंत दाबावी. पुन्हा काठोकाठ भरून थोड्या अधिक जोराने पाऊण वाटीपर्यंत दाबावी. तिसऱ्यांदा किंचित शीग येईल इतकी भरून काठाच्या थोडी खाली येईल अशी दाबावी. तळाशी सैल आणि वर किंचित घट्ट, हा त्यामागचा हेतू आहे, कारण ओढत गेल्यावर तळाची तंबाखू आपोआप दबत जाते. मग न पेटवताच एक झुरका घेऊन पाहावा. रिकाम्या पाईपपेक्षा अगदी थोडा अधिक अडथळा जाणवला पाहिजे. गाल आत ओढले जात असतील तर सगळे बाहेर काढून पुन्हा भरावे. घट्ट भरलेला पाईप पुढे कोणत्याही युक्तीने सुधारत नाही. कंटाळा करून तसाच पेटवला तर पुढचा अर्धा तास त्याच्याशी झगडण्यात जातो. सैल भरलेला पाईप मात्र दाबून सावरता येतो, म्हणून चूक व्हायचीच असेल तर ती सैलपणाकडे होऊ द्यावी.

पेटवताना

काडी किंवा साधी मऊ ज्योत देणारा लायटर वापरावा. जोरदार निळ्या ज्योतीच्या लायटरने वाटीचा काठ करपतो. काडी ओढल्यावर तिच्या टोकावरचे रसायन जळून जाऊ द्यावे, मग ज्योत तंबाखूच्या वर धरून गोल फिरवत छोटे झुरके घ्यावेत. पृष्ठभाग काळा पडतो, तंबाखू फुगून वर येते आणि बहुधा विझते. हे अपेक्षितच असते. टॅम्परने, म्हणजे चपट्या टोकाच्या छोट्या दाबणीने, फुगलेला थर हलकेच सपाट करावा आणि दुसऱ्यांदा तसेच गोल फिरवत पेटवावे. ही दुसरी पेटवणी टिकते. दोन्ही वेळा सगळा पृष्ठभाग सारखा पेटला आहे ना, याकडे लक्ष द्यावे. एकाच कडेने पेटलेला पाईप वाटीची तीच बाजू जाळत खाली उतरतो.

ओढण्याची गती

निखारा विझणार नाही इतकीच हवा त्याला द्यायची, हे पाईपमधले सगळ्यात अवघड कौशल्य आहे आणि समाधानाचा बराचसा भाग त्याच्यावरच अवलंबून आहे. चुलीतला विस्तव राखेखाली जसा रात्रभर जपून ठेवतात, तसा हा निखारा राखेच्या पातळ थराखाली धुमसत ठेवायचा असतो. यामागचे कारण समजून घेतले तर हात आपोआप आवरतो. झुरका जोरात घेतला की निखाऱ्याचे तापमान चढते, पानातले सुगंधी घटक आणि साखर करपून जातात आणि वाफ तापून तोंडात येते. मग चव उरते ती फक्त तिखट जळकेपणाची. झुरका मंद असला की निखाऱ्याच्या लगत खाली असलेले, अजून न जळलेले पान नुसते तापते, त्यातले सुगंधी घटक वाफेबरोबर सुटतात, आणि तीच पाईपची खरी चव असते. धूर कमी दिसतो आणि चव वाढते, हे नव्या माणसाला सुरुवातीला पटत नाही, कारण धुराचा मोठा ढग म्हणजे पाईप नीट चालला आहे असे त्याला वाटते.

गती कमी करण्यासाठी श्वासाची मदत घेता येते. पाईप तोंडात सैल धरून नाकाने नेहमीसारखा श्वास घेत राहावे आणि जीभ व टाळू यांच्या अगदी हलक्या हालचालीने, श्वासाबरोबरच, थोडी हवा तोंडात येऊ द्यावी. श्वास सोडताना तितकीच हवा हळूच नळीत परत जाऊ द्यावी. नळीतून परत गेलेली हवा निखारा फुलवते आणि ओढण्याची गरजच कमी करते. ही लय जमायला आठवडे लागतात आणि जाणूनबुजून करायला गेले की ती बिघडते, म्हणून वाचत असताना किंवा निवांत बसलेले असताना तिचा सराव करणे सोयीचे ठरते. धूर छातीत घेऊ नये. अनुभवी लोक त्यातला अगदी थोडा भाग नाकावाटे सोडतात, कारण चवीचा मोठा हिस्सा वासाचा असतो. पण हे फार थोडे आणि फार क्वचित करावे, नाहीतर नाक चुरचुरू लागते.

वाटी गालाला लावून पाहणे ही उष्णता मोजण्याची सोपी युक्ती आहे. ती सुखद कोमट लागली तर ठीक. गालावर धरवत नसेल तर पाईप खाली ठेवून द्यावा आणि तो विझला तरी विझू द्यावा. विझलेला पाईप म्हणजे कमीपणा आहे, ही कल्पना मनातून जितक्या लवकर जाईल तितके बरे. राख हलकेच दाबून किंवा वरची मोकळी राख झटकून पुन्हा पेटवावे. एका पाईपला तीन-चार काड्या लागल्या तर काही बिघडले नाही. पाईप क्लबांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत प्रत्येकाला तीन ग्रॅम तंबाखू, ती भरायला पाच मिनिटे आणि पेटवायला एका मिनिटात दोनच काड्या मिळतात, आणि ज्याचा पाईप सर्वांत शेवटी विझतो तो जिंकतो. निष्णात स्पर्धक तेवढ्याच तंबाखूवर दोन तासांच्या पुढे जातात. गतीचा सराव म्हणून हे अनुकरण एखाद्या वेळी करून पाहण्यासारखे आहे. पण घरी बसून घड्याळाकडे पाहत पाईप ओढणाऱ्याला मी तरी सुखी म्हणणार नाही.

टॅम्पर वापरताना त्याचे वजनच पुरेसे असते असे समजावे. राख पूर्ण काढून टाकू नये, कारण तीच निखाऱ्यावर झाकण धरते. गुरगुर ऐकू आली तर पाईप क्लीनर मुखनळीतून आत सारून ओलावा टिपून घ्यावा. तळाशी उरलेला ओला, काळा चोथा जाळण्याचा हट्ट धरू नये. चव उतरली की पाईप संपला.

डोके हलके होणे, थंड घाम येणे, मळमळणे ही निकोटिन जास्त झाल्याची लक्षणे आहेत. ती दिसताच पाईप ठेवून द्यावा, पाणी प्यावे आणि मोकळ्या हवेत बसावे. उपाशीपोटी पाईप ओढू नये, आणि बर्लीच्या किंवा काळ्या, घट्ट दाबलेल्या तंबाखू लहान वाटीतच भराव्यात.

पाईपची निगा

पाईप गरम असताना मुखनळी कधीही काढू नये. उष्णतेने आणि ओलाव्याने जोड फुगलेला असतो, आणि त्या वेळी पिळले तर मुखनळीचे टोक मोडते किंवा दांडी उकलते. पाईप निवल्यावर राख झटकावी, मुखनळी सावकाश पिळत काढावी, क्लीनर दोन्ही भागांतून फिरवावा आणि पाईप उघडा, हवेवर ठेवावा. ब्रायरला दोन वापरांमध्ये निदान एक दिवस विश्रांती द्यावी, कारण लाकडाने प्यालेला ओलावा सुकायला तेवढा वेळ लागतो. न सुकलेला पाईप आंबट आणि कडू चव देतो. या एकाच कारणासाठी दोन-तीन पाईप जवळ असणे योग्य आहे.

वाटीच्या आतल्या बाजूला कोळशाचा थर जमत जातो. तो लाकडाला उष्णतेपासून जपतो आणि चवही सुधारतो, पण त्याची जाडी साधारण एक ते दीड मिलिमीटरच्या पुढे जाऊ देऊ नये. कोळसा आणि लाकूड तापल्यावर सारखे फुगत नाहीत, त्यामुळे जाड थर आतून दाब देऊन वाटी फोडू शकतो. वाढलेला थर त्यासाठी मिळणाऱ्या रीमरने किंवा बारीक काचकागदाने सावकाश खरवडावा. टोकदार चाकूने वाटीला खाचा पडतात आणि तळ खणला जातो. मीरशॉममध्ये मात्र हा थर वाढू न देता वेळोवेळी पुसून काढावा.

काही महिन्यांनी चव मातकट वाटू लागली तर खोल सफाईची वेळ आली असे समजावे. तीव्र मद्यार्कात बुडवलेले क्लीनर दांडीतून आणि मुखनळीतून ते स्वच्छ बाहेर येईपर्यंत फिरवावेत. वाटीत कापूस भरून त्यावर थेंबथेंब मद्यार्क सोडून रात्रभर ठेवला तर जुना डांबरासारखा मळ कापसात उतरतो. त्यानंतर पाईप काही दिवस सुकू द्यावा. बाहेरच्या रोगणावर मद्यार्क सांडू देऊ नये. लटाकियाचा वास लाकडात इतका मुरतो की नंतर भरलेल्या प्रत्येक तंबाखूत तो डोकावतो, आणि गोड सुगंधांचेही तसेच होते. म्हणून या दोन्हींसाठी वेगवेगळे पाईप राखून ठेवण्याची पद्धत आहे.

जाण कशी वाढते

वर्षानुवर्षे पाईप ओढूनही जागच्या जागीच असलेले लोक असतात, आणि थोड्याच काळात बरेच समजलेलेही असतात. दुसऱ्या प्रकारचे लोक एका वेळी एकच गोष्ट बदलतात. तंबाखू तीच ठेवून वाळवण्याचा वेळ बदलावा. वेळ तोच ठेवून वाटी बदलावी. सगळे तेच ठेवून सकाळ आणि रात्र यांतला फरक पाहावा. छोट्या वहीत तंबाखूचे नाव, डबा उघडल्याची तारीख, ती किती वाळवली, कोणता पाईप होता, कितीदा पेटवावा लागला आणि चव कुठे बदलली, एवढे दोन ओळींत लिहून ठेवावे. चवीसाठी भारदस्त शब्द शोधण्याची गरज नाही. गवत, चामडे, ओले लाकूड, करपलेली साखर असे ओळखीचे शब्द पुरतात. अशी काही पाने भरली की एखादी तंबाखू आपल्याला आवडत नाही असे जे वाटत होते, तिचा दोष फक्त ओलाव्याचा होता, हे पुष्कळदा वहीतूनच उघड होते.

खरेदीच्या मोहाबद्दल थोडे सांगायला हवे, कारण समाधान हरवते ते बहुधा इथेच. संग्रह करणे हा स्वतंत्र छंद आहे आणि त्यात काही गैर नाही. ओलावा अडवण्यासाठी दांडीत वेगळी पोकळी ठेवणारी डब्लिनचा पाईप-कारागीर पीटरसन याची रचना १८९० ची, आणि धूर जिभेऐवजी टाळूकडे वळवणारी त्याची मुखनळी १८९८ ची. अशा गोष्टी हाताळून पाहण्यात आनंद आहेच. जुने, वापरलेले पाईपही नीट स्वच्छ केले तर उत्तम चालतात. ते घेताना वाटीच्या आत तडे आहेत का, तळ जळून पातळ झाला आहे का आणि दांडी उकलली आहे का, एवढे पाहावे. पण चौथ्या-पाचव्या पाईपनंतर प्रत्येक नव्या पाईपने ओढण्याच्या कौशल्यात भर पडते, असे मला दिसलेले नाही.

रोज ओढणाऱ्याची जीभ बधिर होत जाते, आणि मग तो अधिक तीव्र तंबाखूकडे वळतो. उपाय उलटा आहे. आठवड्यातून एखाद-दोनदाच, हातात पुरेसा मोकळा वेळ असताना पाईप भरावा आणि मधूनमधून काही आठवडे तो पूर्ण बंद ठेवावा. परतल्यावर तीच जुनी तंबाखू नव्याने उलगडते. अशी सुट्टी घेताना चिडचिड होत असेल किंवा ती घेताच येत नसेल, तर ओढण्याची वेळ आता निकोटिन ठरवत आहे असे समजावे, आणि तंबाखू सोडवण्यासाठी डॉक्टरांची मदत मिळते तिचा संकोच न करता उपयोग करावा.

कमी ओढणाऱ्याला तंबाखू मुरवण्याची चैन परवडते. बंद डब्यात व्हर्जिनिया वर्षे गेली की अधिक गोड आणि गोलसर होते, आणि पेरीक घातलेली व्हर्जिनियाही तशीच सुधारते. लटाकियाचा धुरकट तिखटपणा काळाने उतरतो, तेव्हा ज्याला तो तसाच ताजा आवडतो त्याने फार थांबू नये. सुगंध लावलेल्या तंबाखूंना मुरवून काही लाभ होत नाही. डब्याशिवाय सुटी विकत घेतलेली तंबाखू घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, उजेड आणि उष्णता यांपासून दूर ठेवावी, आणि मुरत ठेवलेली बरणी मधेच उघडू नये. ज्या तंबाखूचे वय पाहायचे आहे तिचे दोन सारखे डबे घ्यावेत, एक लगेच उघडावा आणि दुसऱ्यावर तारीख लिहून तो पाच वर्षे बाजूला ठेवावा. पहिल्या डब्याची टिपणे मात्र तेव्हाच आणि नीट लिहून ठेवलेली असावीत, कारण पाच वर्षांपूर्वीची चव नुसत्या आठवणीवर कोणालाही सांगता येत नाही.